वरच्या घराची काच

पणजोबा पाठीवरून काच वाहत, आजोबा हातगाडीवरून आणि वडील ट्रकमधून. तिघांनाही साऱ्या शहरात एकच नाव होते, काचवाले. पणजोबा रस्त्याने निघाले की मागून येणाऱ्याला माणूस दिसत नसे. चामड्याच्या पट्ट्यांनी पाठीवर आवळलेल्या तावदानात त्याला स्वतःचेच तोंड पुढे पुढे चालताना दिसे. आजोबा जन्मभर हळू बोलले, कारण चढ्या आवाजाने काच तडकते अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत घरातल्या बायकांच्या पथ्यावरच पडली. वडिलांचे हात इतके थंड, की मुलाला ताप आला म्हणजे आई पाण्याच्या घड्या भिजवीत बसण्याऐवजी त्यांनाच हाक मारी. या तिघांनंतरचा चौथा, ज्याला वखारीत सगळे सावकाशराव म्हणत, तो त्या सकाळी वर्षाने पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवून बाहेर पडत असताना वखारीच्या फाटकातच बंद पडला. बंद पडली ती गाडी. पण त्याला आतून तसेच वाटले. क्लचवरचा पाय जरा लवकर सुटला, ट्रकने एक हिसका दिला, आणि मागे घोडीवर, म्हणजे काचा तिरक्या टेकवून बांधायच्या लाकडी चौकटीवर, एकटीच उभी असलेली ती मोठी काच हुंकारली. नंतर इतकी शांतता झाली की फाटकावरच्या मुकादमाला राहवले नाही.

"काय हो सावकाशराव! कोर्टानं हळू जा म्हणून सांगितलं होतं, मुक्काम करा म्हणून नव्हे!"

"मुकादमकाका," शेजारी बसलेली लेक खिडकीतून डोके काढून म्हणाली, "तुमच्या जिभेलाही एकदा परीक्षेला बसवा की."

"बसवली होती गं. तुझ्या काकूनं नापास केली!"

हिसका लहानसा होता. रोज शेकडो गाड्या असे हिसके देतात आणि कुणी त्यांची याद ठेवीत नाही. पण हा त्याच्या अंगात शिरला आणि बाहेर पडायला तयार होईना. किल्ली फिरवायची सोडून तो तसाच बसून राहिला. समोर रस्ता होता. वर्षभर ज्याच्या कडेकडेने तो पायी गेला होता तोच. तेच केस कापण्याचे दुकान, तीच चाव्या करून देणाऱ्याची टपरी, तोच कमरेत वाकलेला दिव्याचा खांब. पायी चालताना हा रस्ता माणसाच्या मापाचा वाटे. आता उंचावरून पाहताना तो एकाएकी इतका रुंद, इतका उघडा दिसला की त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरले. सायकलवाले, बाबागाड्या, एकमेकांचा हात धरून चाललेली एक म्हातारा-म्हातारी, सगळे त्याच्या डोळ्यांदेखत त्या उघड्यावर पाऊल टाकत होते, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. समोरून येणारा थांबेल, हे त्यांनी धरूनच ठेवले होते. केवढा हा विश्वास! आणि तो कुणावर, तर कधी न पाहिलेल्या माणसांच्या पावलांवर. सारे शहर या एका न बोललेल्या वचनावर चालले आहे, आणि उभ्या जन्मात गाडी हाकून ते आपल्याला आज दिसते आहे, या विचाराने देवळाच्या उंबरठ्यावर व्हावे तसे त्याचे झाले. पाय आत टाकायचा की बाहेरूनच हात जोडायचे, हे कळेना.

"बाबा, मी घेऊ का?"

"नको."

"मग किल्ली फिरवा. ती काही मनात आणून फिरत नाही."

त्याने किल्ली फिरवली, आणि या वेळी गाडी गुमान निघाली.

काचेच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. काच वाहणारा काट्याकडे पाहत नाही. तो कानाने गाडी चालवतो. घोडीवर नीट बांधलेली काच गाडीबरोबर गुणगुणते. वेग बेताचा असला की तो सूर खाली राहतो, वाढला की चढतो, आणि चढलेला सूर कानी पडताच पाय आपसूक सैल होतो. वडिलांनी त्याला हीच विद्या दिली. वेगाच्या काट्यावर त्यांनी एक चिंधी बांधून ठेवली होती. "काटा परक्यांसाठी. आपल्याला ती सांगते," असे ते म्हणत. ती म्हणजे काच. विद्या थोर होती, पण तिला एक भोक होते, आणि ते वडिलांनी कधी सांगितले नाही. बहुधा त्यांनाही ते दिसले नसावे, कारण त्यांचा ट्रक जुना, दमेकरी होता. रिकामी गाडी गात नाही. माल उतरवून परतताना मागे नुसती घोडी उरे आणि कानात शांतता. ज्याचा वेग कानात वसतो त्याला शांततेत वेगच उरत नाही. नदीकाठच्या सरळ रस्त्याने रिकामा परतताना त्याला खरोखर वाटे की आपण जागच्या जागी उभे आहोत आणि पाणीच धावते आहे. खांबावरच्या कॅमेऱ्याने त्याला टिपले, मग पुन्हा टिपले. वखारीत हशा पिकला आणि मुकादमाने त्याचे बारसे केले, सावकाशराव. तोही हसला. तिसऱ्या वेळी मात्र कॅमेऱ्याची गरज पडली नाही, कोपऱ्यावरचा पोलीसच पाहत होता. पांढऱ्या पट्ट्यांवर एक बाई बाबागाडी ढकलीत मध्यावर आलेली त्याला दिसली, आणि दिसली ती अशी, जणू ती रस्त्यातूनच उगवली. ब्रेकवर तो उभाच राहिला. ट्रक थांबला तेव्हा त्याच्या नाकात आणि बाबागाडीत हातभरही अंतर नव्हते. बाई ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याला पुढे कितीदा वाटले. तिने फक्त एक हात पुढे केला आणि तळवा ट्रकच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवला, बिथरलेल्या जनावराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बाबागाडी ढकलीत निघून गेली.

न्यायाधीशांनी वर्षभराची बंदी आणि नंतर नव्याने परीक्षा असे सांगितले, तेव्हा त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच त्याने मान डोलावली होती. पत्र्यावरच्या धुळीत त्या तळव्याचा ठसा उमटला होता. काचेच्या माणसांना तळव्याचे भारी वावडे. काच धरायची ती कडांनी, तळवा टेकला की डाग, आणि डाग म्हणजे धंद्याला बट्टा. लहानपणापासून त्याने दिसेल तो ठसा पुसला होता. हा त्याला पुसवेना. धूळ आणि ऊन यांनीच तो हळूहळू नेला.

त्या वर्षात ट्रक लेकीने चालवला आणि तो शेजारी बसला. पहिल्याच दिवशी तिने काट्यावरची चिंधी सोडली आणि खिडकीबाहेर भिरकावली. नव्या ट्रकवरही वडिलांनीच बांधलेली गाठ होती ती. पण तो बोलला नाही, बोलण्याचाही परवाना आपल्याकडून काढून घेतला आहे असे त्याला वाटे. काचा पोचवून झाल्या की रिकाम्या गाडीत बसायचे तो टाळी. "तू हो पुढे, मी येतो पायी," म्हणे. पहिले काही दिवस ती शिक्षा होती. मग पायांना रस्ता कळू लागला. गाडीतून एका डुलकीत मागे पडणारा नदीकाठ पायी संपता संपत नसे. एवढे अंतर तो रोज गिळत आला होता आणि त्याची चवही त्याला ठाऊक नव्हती! पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल टाकताना तो दर वेळी येणाऱ्या गाडीवाल्याच्या तोंडाकडे पाही. बहुतेकांची तोंडे दुसरीकडेच असत. तरी गाड्या थांबत. मग तो एखाद्यापुढे हात करी, आभार मानल्यासारखा, आणि आत बसलेला गोंधळून जाई. परीक्षेच्या वेळी शेजारी बसलेला अधिकारी त्याच्या लेकीच्या वयाचा होता. "काका, काटा बघत चला," एवढेच तो म्हणाला. पुतण्याने चुलत्याला सांगावे तसे ते वाक्य तेव्हापासून त्याच्या डोक्यात घर करून होते.

परवाना हातात पडला आणि त्याच संध्याकाळी फोन वाजला. वरच्या आत्याचा. नात्याने ती आजीच लागायची, पणजोबांच्या बहिणीची ती मुलगी. पण तीन पिढ्या तिला वरची आत्याच म्हणत आल्या, कारण तिचे घर शहराबाहेरच्या टेकडीच्या माथ्यावर होते आणि तिचे नाकही तेवढ्याच उंचीवर.

"मोतीबिंदू काढले," ती म्हणाली. फोनवर क्षेमकुशल विचारण्याची तिला सवय नव्हती. "डॉक्टर म्हणाला, आजी, काय दिसतंय? म्हटलं, तुझं नाक दिसतंय, बरंच मोठं आहे. घरी आले तर काय दिसतंय? फळ्या! त्याच त्या फळ्या. डोळे मला डॉक्टरनं दिलेत, बघायला काहीतरी तू दे. तुमच्या घराण्याचा उद्या कधी उजाडतोय तेवढं सांग."

त्या उद्याची कथा घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. पणजोबांनी धाकट्या बहिणीला तिच्या लग्नात शब्द दिला होता: टेकडीवरच्या तुझ्या घराला मी अशी काच बसवीन की सगळे खोरे तुझ्या खोलीत येऊन बसेल. तिच्या घरच्यांनी त्या शब्दावर भिंतीत पुरुषभर उंचीची खिडकी सोडली. ठरल्या दिवशी पणजोबा ती काच पाठीवर घेऊन टेकडी चढले. सारी वाट चढले, शेवटच्या वळणावर आले, आणि घराच्या वरच्या ओट्यावरून बहिणीने त्यांना पाहिले. नवी नवरी, माहेरचे माणूस दिसल्यावर तिला कुठला धीर? "दादाऽ!" तिने हाक मारली, आणि ओझ्याखाली वाकलेले पणजोबा वर बघायला वळले. पाठीवर एवढी काच असलेला माणूस वळतो तेव्हा काचही वळते. कडेच्या खडकावर ती आपटली. खांदा निखळून पडला तो जन्माचा. पुन्हा पाठीवर ओझे घेणे झाले नाही. "उद्या आणतो," असे ते त्या ओट्याकडे बघून म्हणाले, आणि खिडकीला तात्पुरत्या फळ्या ठोकल्या गेल्या. पुढे बहिणीच्या सासरी चार पैसे आले, शहरात काचांची दहा दुकाने झाली, पण ती बाई हटली नाही. दादाने शब्द दिला आहे. दुसऱ्या कुणाची काच या भिंतीला लागायची नाही. आणि काचवाल्यांच्या घरात त्या दिवसापासून दंडक पडला: काच घेऊन चाललेल्या माणसाला हाक मारायची नाही, आणि कुणी मारलीच तर त्याने ओ द्यायची नाही, वळायचे नाही. वडील कामावर निघाले की आई विसरलेला डबासुद्धा त्यांच्या पुढे पळत जाऊन समोरून देई. आजोबांचे म्हणणे, हातगाडी त्या चढावर चढायची नाही. आणि म्हणता म्हणता ते रोज संध्याकाळी त्या टेकडीकडे पाठ करून बसत.

ट्रक आता नदीकाठाला लागला होता. मागे काच गुणगुणत होती. वर्षभर लेकीच्या शेजारी बसून त्याने हा सूर ऐकला होता, पण तो परक्याच्या अंगणातला वाटला होता. आज तो त्याच्या तळपायातून वर चढत होता. त्याने सूर ऐकला आणि काट्याकडे पाहिले. दोघे एकच सांगत होते. या साध्या गोष्टीने त्याला इतके नवल वाटले की तो पुन्हा पुन्हा पडताळून पाहू लागला. सूर, काटा, सूर, काटा. बाजूच्या आरशात घोडीवरची काच दिसत होती, आणि काचेत शहर. झाडे तिच्यात शिरत आणि निघून जात. एक पूल आला, लवला, गेला. पाखरांचा थवा तिच्या एका कडेने आत आला आणि दुसऱ्या कडेने सुटला. एवढे सगळे तिच्यातून जाते आहे आणि तिला ओरखडाही उमटत नाही. जन्मभर जी वस्तू वाहिली ती नेमकी काय आहे हे त्याने कधी मनाला विचारले नव्हते. जी नीट पुसली तर दिसतच नाही, तिच्यासाठी एका माणसाने खांदा घालवला, एकाने मान फिरवली. पांढऱ्या पट्ट्या आल्या. तो लांबूनच हळू झाला आणि थांबला. एक मास्तर पोरांची रांग घेऊन पलीकडे निघाला होता. पोरे काचेत स्वतःला पाहायला घोटाळली, एकाने स्वतःलाच वेडावून दाखवले. शेवटची मुलगी पट्ट्यांच्या मधोमध थांबली, वर त्याच्याकडे पाहिले आणि अगदी मोठ्या माणसासारखी मान लववून पुढे गेली. ट्रकचे नाक तिच्यापासून चांगले लांब होते. तरी पत्र्यावरची ती जागा, जिथे कधीकाळी एक तळवा टेकला होता, त्याला आपल्या कपाळावर असल्यासारखी जाणवली.

"बाबा, गेली सगळी," लेक हलकेच म्हणाली. "निघा आता."

"बघतोय."

"काय बघताय?"

"रस्ता," तो म्हणाला.

टेकडीचा चढ सुरू झाला तसे त्याचे हात थंड पडू लागले, वडिलांचे पडत तसे. या वाटेने तो एकदाच आला होता, वडिलांच्या शेजारी, पाय खाली टेकत नव्हते त्या वयात. त्या दिवशी वडील आईशी चकार शब्द न बोलता ट्रकवर एक मोठी काच चढवून निघाले होते. घरात कुणी काही विचारले नाही, पण सगळ्यांनी ओळखले. आईने मुलाला नवा सदरा घालून बरोबर दिले. वडील वाटेत शीळ घालीत होते. ज्या माणसाने कधी गुणगुणले नाही तो शीळ घालीत होता! शेवटच्या वळणावर गाडी आली, आणि वरच्या ओट्यावर दोन बायका उभ्या दिसल्या. एक अगदी म्हातारी, पणजोबांची बहीण, आणि तिच्यामागे तिची मुलगी. म्हातारीने हात वर केला. तिचे तोंड उघडू लागलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. वडिलांची शीळ तुटली. त्यांनी ब्रेक दाबला, ट्रक मागे घेतला, वळवला आणि खाली आणला. पायथ्याशी आल्यावर म्हणाले, "रस्ता बंद आहे." रस्ता बंद नव्हता. कोवळ्या उन्हात तो सरळ घरापर्यंत गेलेला मुलाला दिसला होता. वडील खोटे बोलतात हे त्याला त्या दिवशी कळले, आणि पुढे कित्येक वर्षे, त्यांच्या थंड हातांचे, नेकीचे, कामसूपणाचे सगळे गोडवे ऐकताना, आत कुठेतरी तो म्हणे, रस्ता उघडा होता. म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली.

तेच वळण आता समोर होते. तोच खडक, त्याच्या एका कडेला काहीतरी लागून टवका उडालेला, आणि टवक्यावर शेवाळ. चढ इथे सर्वांत उभा होता. आणि वर ओट्यावर, पांढरे केस वाऱ्यावर उडताहेत अशी, वरची आत्या उभी होती. त्याचा पाय ब्रेकवर कधी गेला ते त्याला कळले नाही. ट्रक थांबला. ती हाक मारील. आता मारील. तिच्या आईची हाक तिच्याही गळ्यात असणारच. आणि एकाएकी, वर्षभर पायी चाललेल्या माणसाला जे उमगते ते त्याला उमगले. वडील खोटे बोलले नव्हते. रस्ता बंदच होता. खडक किंवा दरड कोसळून नव्हे. समोरच्या माणसाच्या आनंदाने तो अडला होता. कुणीतरी आपल्यावर इतका भरवसा टाकून इतकी वर्षे उभे असते, आणि त्या भरवशाच्या दिशेने एक एक हात पुढे जायचे असते. यापेक्षा मोठा चढ माणसाच्या वाट्याला येत नाही. बाबागाडीवाली बाई हाच भरवसा घेऊन पट्ट्यांवर उतरली होती. तो तिला दिसलाही नव्हता, तरी तो थांबेल हे तिने धरून ठेवले होते. वडिलांचा त्याला राग येईना. ते ज्या दारातून मागे फिरले ते दार केवढे होते, हे पाहून तो नुसता थक्क होऊन बसला.

पण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची म्हणजे तोच क्लच, तोच हिसका. मागे काच होती. एक हिसका, आणि चौथी पिढीही उद्यावर जाईल. लेकीने दाराची कडी घट्ट धरली होती. तिने "मी घेऊ का" म्हटले नाही. त्याबद्दल तो तिचा जन्माचा ऋणी झाला. त्याने पुन्हा एकदा वर पाहिले, आणि तेव्हा त्याला दिसले. वरच्या आत्याने उजवा हात तोंडावर दाबून धरला होता. डावा हात त्याच्यावर, असे दोन्ही हात. साऱ्या जगाला जिभेच्या टोकावर नाचवणारी ती बाई एखाद्या पोरीसारखी स्वतःचे तोंड बंद करून उभी होती, आणि तिचे नवे डोळे ट्रकवर खिळले होते.

त्याने पाय हळूहळू सोडला. इंजिन खाली बसले, थरथरले, पकडीत आले. काचेचा सूर अगदी खालून उमटला, तुटला नाही, आणि ट्रक पाणी चढावे तसा वळण चढून गेला.

दारात गाडी उभी राहिली तरी आत्याने तोंडावरचे हात काढले नाहीत. काच घोडीवरून सुटली, बापलेकींनी चामड्याचे हातमोजे घालून ती कडांनी उचलली, पायऱ्या चढल्या आणि खोलीच्या भिंतीला ती टेकवली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"आले एकदाचे!" ती म्हणाली. "आणि ही कोण? हिला एवढी वाळवलीस कशाला? खायला घालत नाही वाटतं."

"मीच वर्षभर ट्रक चालवला, आजी," लेक म्हणाली.

"मग तूच का नाही घेऊन आलीस? याची परीक्षा होईपर्यंत मी कशाला तिष्ठत बसायची?"

"मी विचारलं होतं," लेक बापाकडे न बघता म्हणाली. "म्हणाले, ही मलाच न्यायची आहे."

आत्याने त्याच्याकडे पाहिले आणि मान हलवली, शिकवलेले अखेर डोक्यात शिरले अशा अर्थाची.

खोलीत दिवसाढवळ्या दिवा लागलेला होता. फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या काही रेघा जमिनीवर पडल्या होत्या, आणि पलंग, खुर्ची, कपाट, सगळे सामान त्या रेघा चुकवून मांडलेले होते, इतक्या वर्षांची ती वहिवाट होती. त्याने पहिला खिळा उपटला. खिळा असा किंचाळला की लेकीने कानावर हात ठेवले. फळी सुटली आणि वारा आत घुसला. दुसरी सुटली, तिसरी, आणि मग त्या भिंतीत खोरे उघडले. खाली नदी होती, तिच्या काठाने तो सरळ रस्ता, ज्यावर मुंगीएवढ्या गाड्या चालल्या होत्या, पलीकडे सारे शहर, आणि त्याच्याही पलीकडे असे काही निळे, की ते डोंगर की आभाळ हे सांगता येत नव्हते. वाऱ्याने पलंगावरची चादर उडाली, दिव्याची साखळी डुलू लागली, कपाटाचे दार आपटले. मग दोघांनी काच उचलली. तिचा खालचा काठ खाचेत बसवला, वरचा लोटला, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. आणि वारा थांबला, उजेड तेवढा आत राहिला. सारा जन्म हा धंदा करून त्याने ही गोष्ट एकदाही पाहिली नव्हती. तो नेहमी काच पोचवून रिकाम्या गाडीने परत फिरत आला होता. वारा बाहेर ठेवून उजेड आत घ्यायचा. माणसाने याहून मोठे काय केले असेल? त्या शांत उजेडात खोली स्वतःलाच नवी दिसत होती. कपाट काळे नव्हते, तपकिरी होते. आत्या भिंतीला हात लावीत फिरत होती. "हा रंग निळा आहे होय?" ती म्हणाली. "मला आईनं पांढरा सांगितला होता."

"आजी," लेकीने विचारले, "एवढ्या वर्षांत दुसरीकडून काच आणून का नाही बसवलीत?"

"आणि त्याचा शब्द? तो वाया घालवायचा? शब्द काय बाजारात मिळतो?"

तिने त्यांना बसा म्हटले नाही, कारण तिला खिडकीसमोरून हलायचे नव्हते, आणि पाहुण्यांनी ते ओळखावे अशी तिची अपेक्षा होती. त्यांनी ओळखले. तो पायऱ्या उतरून ट्रककडे निघाला. मागे घोडी रिकामी होती. उतार होता, आणि खाली नदीकाठचा सरळ रस्ता, जिथे गाडी गाणार नव्हती. त्याला भीती वाटली नाही. काटा होता, शेजारी लेक होती, आणि कपाळावर एक तळवा.

"दादाऽ!"

काचेच्या बाजूची चिमुकली झडप उघडून ती हाक मारत होती. आवाज म्हातारा होता, पण हाक म्हातारी नव्हती.

"बाबा, तुम्हाला?" लेक हसू दाबत म्हणाली. "तुम्ही त्यांचे दादा?"

त्याचे पाऊल जागीच राहिले. मान ताठली, ती एकट्याची मान नव्हती, तिच्यात तिघे ताठ उभे होते. आयुष्यात मागून आलेल्या हाकेला तो कधी वळला नव्हता. बायकोच्या नाही, लेकीच्या नाही. मग त्याने हातातले हातमोजे जमिनीवर ठेवले. पाठ मोकळी होती, खांदे मोकळे होते. तो सावकाश, सबंध वळला.

नव्या काचेमागे, सगळे खोरे अंगावर घेऊन, ती उभी होती, आणि तिने आपला पुरा तळवा काचेवर टेकवला होता. ठसा उमटणार होता. उमटू दे.

"ओ," तो म्हणाला.